एकोणीस सह्या

३ फेब्रुवारी, सोमवार
गुडघा पुन्हा कुरकुरला. रुग्णालयात दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात थांबले आणि भिंतीवरची सूचना वाचत असल्याचं सोंग केलं. सूनबाईंना सांगितलंय, आठवड्यातून दोनदाच जाते. जाते पाचदा!

हजेरीपुस्तकात आमच्या मदतनीस मंडळाची एकोणीस नावं. रविवारी मी सगळ्यांना फोन करते. न येणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: "येते हो, नाव मात्र काढू नका." चार जणी काही येत नाहीत, त्यांच्या सह्या मीच करते. त्यांत माझ्या थोरल्या जाऊबाई. मंडळ त्यांनीच उभं केलं, आणि आता त्यांना स्वतःच्या घरातलं न्हाणीघर सापडत नाही. त्यांचं नाव काढायचं? माझा हात धजत नाही. त्यांच्या सहीचं वळण मात्र झकास जमलंय.

४ फेब्रुवारी
माणसं पंधराच्या खाली गेली तर मंडळाची खोली औषधांच्या साठ्याला जाणार, हा अधीक्षकबाईंचा नियम. आज त्यांनी पुस्तक चाळलं. एकोणीस जण आणि एकही खाडा नाही, म्हणून भलत्याच खूश. एक मार्चपासून नवी इमारतही तुम्हीच बघा, म्हणाल्या!

बाहेर आल्यावर आमच्या मंडळातले पोस्टमास्तर घाम पुसायला लागले. (निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण सगळ्यांचे ते पोस्टमास्तरच.) म्हणाले, एक सांगायचं होतं, पाच जणांच्या सह्या मी करतो. तेवढ्यात मंडळातल्याच शिवणकामवाल्या बाई जवळ आल्या. त्यांच्या चार.

मला इतके दिवस वाटायचं, माझ्या चार सोडल्या तर बाकीचे येत असतील, वेगवेगळ्या पाळ्यांमुळे भेटत नाहीत इतकंच. माझ्या चार, त्यांच्या पाच, बाईंच्या चार. उरले सहा. सहा! प्रत्येकाला वाटत होतं, लबाडी आपण एकटेच करतोय.

आम्ही तिघं वेड्यासारखे हसलो. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी
काही नाही. नुसत्या येरझारा घालतेय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

बावीस नंबरच्या आजोबांचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत. दुपारी त्यांना भरवायचं काम मंगळवारी जाऊबाईंकडे, म्हणजे कागदावर त्यांच्याकडे. सही मी सकाळीच ठोकली होती. नंतर एका बाईंना घेऊन एक्स-रेच्या रांगेत अडकले आणि भरवायचं डोक्यातून पार गेलं. सिस्टरनी पुस्तक पाहिलं, सही आहे म्हणजे माणूस आहे, आणि त्या आपल्या कामाला लागल्या. त्यांचं काय चुकलं?

तीन वाजता गेले तर ताट जसंच्या तसं. आजोबा म्हणाले, "बाई कामात असतील म्हणून हाक नाही मारली."

जेवण गरम करून आणलं आणि भरवलं. त्यांनी माझेच आभार मानले.

१२ फेब्रुवारी
सांगायचंच. खोली गेली तर गेली.

१३ फेब्रुवारी
सांगितलं. पोस्टमास्तर बरोबर आले, पण दारातच थांबले, म्हणून सगळं मीच बोलले. अधीक्षकबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक उघडून सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सहा आहात हे मला आधी कळलं असतं, तर मी माणसं शोधायला मदत केली असती."

हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

खोली मार्चअखेरपर्यंत आमची. नवं पुस्तक सुरू करायचं, त्यात येणाऱ्यांचीच नावं. नवी इमारत तूर्त नाही.

१७ फेब्रुवारी
नवं पुस्तक. सहा नावं, पान भकास दिसतं. पहिलं नाव माझं. जाऊबाईंना सांगायला गेले, तर त्यांनी विचारलं, कुठलं मंडळ? बसस्टॉपवर रडले, अगदी उघड.

केसपेपरच्या खिडकीशी आमची पाटी लावलीय. एक निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको चौकशी करून गेले, उद्यापासून येणार. आठ झालो! पंधराला अजून सात हवेत.

१९ फेब्रुवारी
जिन्यात पाय मुडपला. सूनबाईंना पाचदाचं कळलं. त्या रागावल्या नाहीत, नुसता शेक देत बसल्या. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जिना कायमचा बंद. पोस्टमास्तरांना फोनवर म्हटलं, आठ दिवसांत येते. नाव मात्र काढू नका.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
आज सूनबाईंनी रिक्षाने नेलं. खोली तळमजल्यावर आहे म्हणून जमलं. पुस्तक उघडलं. वीस तारखेपासून कालपर्यंत माझ्या नावापुढे रोज सही. वळण हुबेहूब माझं.

पोस्टमास्तर खिडकीबाहेर बघत होते. "तुमची रिकामी जागा बघवेना," म्हणाले.

त्यांच्याच खिशातलं पेन घेतलं आणि पहिलं नाव खोडलं. आता सात.