शेकडा दहा खाली, शेकडा दहा वर

८ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हातमोज्यांच्या कारखान्यात मला वीस आठवडे झाले. मधल्या मापाचा कागदी साचा माझ्याकडे असतो. दर आठवड्याला झेरॉक्सवर तो शेकडा दहाने लहान करून मी छोटं माप काढते. मग त्या छोट्याला शेकडा दहाने मोठं करून पुन्हा मधलं. चुकून जुना कुणी वापरू नये म्हणून आधीचा साचा फाडून टाकते. ही खबरदारी माझीच.

आता मधला मोजा कुणाच्याच हातात जात नाही. कटिंग मास्तरांच्या मते गिऱ्हाइकांची बोटं जाड झालीत. मालकांच्या मते इस्त्रीवाल्या मावशी कापड आखडवतात, म्हणून महिनाअखेर त्यांना काढणार. त्याच दिवशी मला कायम करणार. दहा कमी, दहा जास्त, फिट्टंफाट, असं तुम्हीच शिकवलंत. मग घास का उतरत नाही?

लोभ आहेच. वाढला तर तक्रार नाही.

तुमची पुतणी

१३ जुलै

चि. शंकेखोरीस,
अ. उ. आ.

लहानपणी तू दाराची कडी तीनदा तपासायचीस. आता गणिताची तपासतेस. दहा गेले, दहा आले, यात काय पाहायचंय? माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं, आणि ते कधी चुकले नाहीत, असं तेच सांगत. महिनाअखेरपर्यंत तोंड मिटून बस. जेवतेस ना, असं काकू विचारते.

तुझा काका

१९ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

शंभरातून दहा गेले, नव्वद उरले. पण नव्वदाचे शेकडा दहा नऊच होतात. म्हणजे परत आले नव्याण्णव. एकाचं काय एवढं? पण पुढची फेरी शंभरापासून नव्हे, नव्याण्णवापासून सुरू होते. वीस फेऱ्यांनी उरले ब्याऐंशी. गिऱ्हाइकांची बोटं निर्दोष आहेत.

परवा मालकांना सगळं सांगितलं. आखडलेला साचा झेरॉक्सवर एकशे बावीस टक्के करून नवा काढून दाखवला, मोजा बसला. मला कायम करणं सहा महिने पुढे ढकललंय. हा प्रामाणिकपणाचा बोनस असावा. मावशी राहिल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की इतके दिवस त्यांनाही वाटत होतं, आपलाच हात बिघडलाय.

माया आटू देऊ नका. एकदम आटत नाही, हे मला आता कळलंय.

तुमची पुतणी

२४ जुलै

चि. मुलीस,
अ. उ. आ.

काकूसमोर तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा नव्याण्णव. चौथ्यांदा तिने पेन्सिल काढून घेतली. या घरातल्या आणखी दहा मुलांना मी हेच शिकवलंय, आणि त्यातले दोघे आता शिक्षक आहेत. त्यांचे विद्यार्थी मोजायला बसलो नाही.

सगळ्यांना पत्रं लिहायला घेतलीत. पहिल्याच ओळीवर अडलोय. तू मालकांना नेमकी कशी सुरुवात केलीस, ते सविस्तर कळव.

तुझा काका