बायजाच्या माइकला काय लावलं होतं

ती. वन्संना सगुणाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रेवसच्या जेट्टीवरून उतरताना जपून पाय टाका (आता घसरलात तर तुमच्या अमिषाच्या लग्नात सगळं खुर्चीवर बसून बघावं लागेल). आमच्याकडे सगळे बरे. बायजाही बरी आहे, जरा जास्तच बरी आहे.

पत्राचं कारण असं. तुमच्या आईनं मला आणि बायजाला, दोघी जावांना, धवलारिणी केलं, हळदीपासून वरातीपर्यंतचे लग्नाचे सगळे धवले एकाच ओट्यावर बसवून गायला शिकवले. पण हल्ली जो तो गाण्याची सुपारी देतो ती बायजालाच. का, तर तिचा आवाज मांडवभर भरून राहतो म्हणे. मागच्या हळदीत मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, तर खरंच भरून राहत होता. पोटात नुसती आग पडली, खोटं कशाला बोलू (लोकांना सांगितलं, वडे बाधले). मग ठरवलं, ही करामत साउंडवाल्या भावेशची. तिच्या माइकला मेला काहीतरी लावतो आणि मला कोरडा माइक देतो.

म्हणून आळीतल्या रितेशच्या हळदीला माझी पाळी आली (बायजाला ताप होता, देव आहे), तेव्हा मी भावेशला आधीच गाठलं. म्हटलं, तिला लावतोस ते मला लाव. तो विचारतो, काकी, इको की रिव्हर्ब? मला काय ठाऊक? त्यातल्या त्यात इको ऐकलेलं होतं. म्हटलं, इको, आणि हात आखडू नकोस.

वन्सं, मी देवांना आवतण द्यायला लागले. गणपतीला बोलावलं, तर तीन-तीन गणपती मांडवातून परत आले. त्यावर कुलदेवीला हाक मारली, ती बिचारी गणपतीतच अडकली. रितेशचे रामचंद्रमामा म्हणाले, 'देव बहिरा हाय का गो?' पुढं नवऱ्या मुलाला आंघोळ घालायची वेळ आली. मी 'घाला गो पाणी' म्हटलं की पाणी, पाणी, पाणी. रितेशच्या मावशा प्रत्येक पाण्याला एकेक तांब्या ओतत राहिल्या. पोरगा कुडकुडायला लागला, आणि मी गप्प झाले तरी माझा आवाज काही गप्प होईना.

नंतर भावेशनं समजावलं. इकोमध्ये आवाज लांब जाऊन परत येतो, वेगळा ऐकू येतो. रिव्हर्बमध्ये तो इतका लगोलग येतो की वेगळा कळतच नाही, नुसता दाटतो, रिकाम्या हौदात बोलल्यासारखा. म्हणजे बायजाला रिव्हर्ब आणि मला इको. तेव्हा वन्सं, अमिषाच्या हळदीची सुपारी विचार करून द्या. यंत्राच्या जोरावर कोणीही गोड गातं.

तुमची भावजय,
सगुणा

ता. क. पत्र टाकायला निघाले तर वाटेत भावेश भेटला. बायजाला रिव्हर्ब किती लावतोस, असं सहज विचारलं. तो म्हणाला, 'बायजाकाकीला मी काहीच लावत न्हाय. उलट जरा कमीच करतो.' यंत्राचं वाक्य खोडणार होते, पण कागद वाईट दिसतो.

आणखी एक. सुपारी तुम्ही बायजाला कधीच देऊन बसलात, हे मला परवाच कळलं होतं, तरी लिहिलं. असू दे. पण धवला एकटीनं म्हणायचा नसतो, मागून ओळ धरायला कोणीतरी लागतं. आईंच्या मागे मीच धरायची. बायजाला सहज विचारून बघा, मागे कोण हवी. तिनं दुसरीचं नाव घेतलं, तर मला कळवू नका.