विझलेली बोट

प्रिय ठोंब्या,

तुझा फोन लागत नाही. लागलाच तर "रेंज नाही, नंतर बोलतो" म्हणून तू ठेवून देतोस. म्हणून हे पत्र, बंदरावरच्या तुमच्या नेहमीच्या खानावळीच्या पत्त्यावर. तुमची बोट माल उतरवायला या आठवड्याच्या शेवटी धक्क्याला लागणार आहे, हे मला ठाऊक आहे. कसं ते पुढे येईलच. आधी कुठेतरी बस. उभ्याउभ्या वाचू नकोस.

मला मात्र बसवत नाहीये. सकाळपासून नुसती या खोलीतून त्या खोलीत करतेय. दूध उतू गेलं, इस्त्री तापत ठेवून विसरले. शेवटी आई वैतागली. "अगं, एका जागी टेक की! तुझ्याकडे बघून मला गरगरायला लागलंय." तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं फारच स्वच्छ दिसतं. छताच्या कोपऱ्यातलं जाळं, माझ्या केसांतली पांढरी बट, काही म्हणून सुटत नाही. तुझा फोटोही तिने परवा खाली काढून, पुसून, नीट न्याहाळला आणि म्हणाली, "हा वाळलाय गं."

माझं काम तुला माहीत आहे, तरी आज पुन्हा सांगते, कारण तू त्याची कायम टिंगल करत आलास. उपग्रह रात्री डोक्यावरून जातात, आणि अंधारातली पृथ्वी सकाळी माझ्या पडद्यावर येते. शहरं, रस्ते, कारखाने, बंदरं, सगळी दिव्यांची. पण शाळांच्या भिंतींवर लागणारा नकाशा काही असा आयता मिळत नाही. ढग काढावे लागतात, विजांचे लखलखाट काढावे लागतात, पेटलेली रानं काढावी लागतात. जे एका जागी टिकत नाही ते सगळं पुसायचं. आणि त्यात तुम्ही आलात. ती दहा पायांची म्हाकुळं दिव्याला भुलून पाण्यातून वर येतात म्हणून तुमच्या बोटी इतके दिवे लावतात, की भर समुद्रात एखादं गाव वसल्यासारखं दिसतं. तू बोटीवर वायरमन म्हणून लागलास तेव्हा मी म्हणाले होते, तू रात्रभर लाव आणि मी दिवसभर पुसते, घरातल्यासारखंच झालं. तेव्हा तू किती हसला होतास! आई मात्र रोज मी कामावरून आले की दारातच विचारायची, "दिसला का?" त्या ठिपक्यांतला कुठला तुझा, हे देवालाही सांगता आलं नसतं. मी म्हणायची, "त्यातलाच एक असेल." तेवढ्याने तिला जेवण जायचं.

मग तू सुट्टीला आलास. आल्या दिवसापासून तुझं काहीतरी बिनसलेलं होतं. भर दुपारी पडदे ओढून पडायचास. ताटावर बसायचास आणि घास चिवडत राहायचास. आईला वाटलं, प्रेमप्रकरण असेल, आणि ती मनातून जरा खूशही झाली. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले, तेव्हा तू मागून आलास आणि चादरीचं दुसरं टोक धरलंस. घडी घालता घालता सांगितलंस, माझ्याकडे न बघता.

तुमचा आचारी. तुला पहिल्याच फेरीत उलट्या लागल्या तेव्हा रात्रभर शेजारी बसून घोटघोट पाणी पाजणारा. बोट सुटली त्याच रात्री तो राखेची बादली रिकामी करायला कठड्याशी गेला, बोट हेलकावली आणि तो पाण्यात पडला. सगळ्यांनी त्याची हाक ऐकली. पण बोट हद्दीपलीकडे होती, जिथे मासेमारीला बंदी आहे, आणि कप्तानाने ठावठिकाणा सांगणारं यंत्र आधीच बंद करून ठेवलेलं. मदत मागितली असती तर परवाना गेला असता. तुम्ही घिरट्या घातल्यात, दोर फेकलेत. तेवढ्यात लांबून गस्तीच्या बोटीचा दिवा दिसला, आणि कप्तान तुझ्यावर ओरडला, "दिवे घालव!" आणि तू खटका ओढलास. "ताई," तू म्हणालास, "अंधार झाल्यावरही तो ओरडत होता." मग तुम्ही तिथून निघालात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून सह्या केल्यात, की बोट सुटायच्या आधीच आचारी धक्क्यावर उतरून पळून गेला. तुझीही सही आहे. चादर माझ्या हातात देऊन तू म्हणालास, "तू ऐकलंस ना? आता विसर." दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून गेलास.

मी खरंच विसरायचा प्रयत्न करून पाहिला. तू गेल्यावर काही दिवसांनी एक बाई दारात आली. अंगावर धुतलेली, चुरगळलेली साडी, हातात तुझ्या नावाचा कागद. त्या आचाऱ्याची बायको. तो फोनवर तुझ्याबद्दल फार बोलायचा म्हणे, धाकटा भाऊ म्हणायचा, म्हणून ती एवढ्या लांब आलेली. शेजारपाजारचे तिला म्हणत होते, त्याने दुसरी बाई ठेवली असेल. आईने तिला आत घेतलं, चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. आईला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ती बाई कपाला हात न लावता म्हणाली, "तो चांगला होता का वाईट, ते मला विचारायचं नाही. मी वाट बघायची की रडायचं, तेवढं कोणीतरी सांगा." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "तू का गं एवढी पांढरीफटक?"

त्यानंतर मी ऑफिसात जुनी चित्रं काढली. ती रात्र शोधावी लागली नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी तू बंदरावरून फोन करून तिची चौकशी केली होतीस, आणि मग बोट सुटली होती. नकाशात त्या जागी काळा समुद्र होता, मीच केलेला. पण न पुसलेली मूळ चित्रंही आम्ही ठेवतो. आमच्याकडे दोन उपग्रह आहेत, एकामागून एक, तासाभराच्या आतबाहेर त्याच पाण्यावरून जाणारे. पहिल्याच्या चित्रात हद्दीच्या पलीकडे एक ठिपका आहे, एकटाच, झगझगीत. दुसऱ्याच्या चित्रात तिथे काही नाही. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून मी बघत बसले. शेजारचा सहकारी डबा खायला बोलवत होता. मला त्या दोन चित्रांच्या मध्ये ओरडणारा माणूस ऐकू येत होता.

आता खरं ते लिहिते. ती दोन्ही चित्रं मी माझ्या सहीनिशी बंदराच्या चौकशी कार्यालयात दिली आहेत. त्या रात्री यंत्र बंद असलेली बोट त्यांनी शोधली. तुमची एकटीच निघाली. ती या आठवड्याच्या शेवटी धक्क्याला लागणार हे मला तिथेच कळलं, आणि लागली की ते सगळ्यांना आत बोलावणार आहेत, एकेकाला. आईला मी परवा सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून त्याची काडी मिटली आणि म्हणाली, "आधी त्या बाईला सांगून ये." काल गेले होते. ती रडली नाही. उठली आणि दाराला आतून कडी लावली. इतके महिने लावत नव्हती म्हणे. मग माझ्याजवळ येऊन बसली. दिवे कोणी घालवले ते मी तिला सांगितलं नाही, कार्यालयातही नाही. चित्रातून ते कळत नाही. हुकूम कोणी दिला, कोण किती वेळ ओरडत होतं, हे फक्त तू सांगू शकतोस, आणि त्यांनी बोलावल्यावर सांगणं वेगळं, स्वतःहून जाऊन सांगणं वेगळं. म्हणून बोलावणं यायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडावं अशी माझी धडपड आहे. माझ्यावर चीड, शिव्या दे, हवं तर पुन्हा बोलू नकोस. शनिवारी सकाळी मी बंदराच्या फाटकाशी असेन. एका वकील बाईंशी बोलून ठेवलंय, त्याही येतील. आईही यायचं म्हणतेय, आणि तिला अडवणं माझ्या हातात नाही. तू आलास तर आपण सगळे मिळून आत जाऊ.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई