तपासणीच्या दिवशी लपवलेलं दुकान

तीर्थरूप आत्यास,

इथूनच वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? पाठीशी उशी घेऊन बसतेस ना? (सोफे-खुर्च्या दुरुस्त करणारा माणूस पाठीची चौकशी करणारच.)

तुझी भाचेसून काय चीज आहे, हे मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर परवा कळलं. राज्य सरकार लहान धंद्यांना यंत्रासाठी अनुदान देतं, हे तिनेच शोधलं. माझ्या दुकानासाठी अर्जही तिनेच भरला. जाड रेक्झिन हाताने शिवून तिची बोटं इतकी आखडतात की सकाळी कप धरवत नाही. म्हणून दणकट शिलाई मशीन हवं. परवा अनुदान खात्याचे साहेब दुकान तपासायला येणार होते. साहेब येणार म्हणजे आवरायला नको का? मी अक्कल पाजळली. फाटके सोफे, स्प्रिंगा, काथ्या सगळं शेजारच्या छापखान्यात नेऊन कोंबलं (छापखानेवाला अजून माझ्याशी बोलत नाही), फरशी चकाचक पुसली आणि मधोमध एकच खुर्ची मांडली. साहेबांनी चार भिंती बघितल्या, खुर्चीवर बसले आणि लिहू लागले की इथे कुठलाही धंदा चालत नाही.

तेवढ्यात साहेबांखालची खुर्ची कुरकुरली. बायको शांतपणे म्हणाली, "साहेब, जरा उठता का?"

तिने आपल्या पिशवीतून हातोडी-खिळे काढले, खुर्ची उलटी केली, कापड सोडवलं, ढिला पट्टा ताणला, खिळे ओठांत धरून एकेक ठोकला. दहा मिनिटांत खुर्ची गप्प. साहेब पुन्हा बसले, डावी-उजवीकडे झुलून बघितलं आणि लिहिलेलं खोडलं. आत्या, इतकी वर्षं मी तिला हाताखालची मदत समजत होतो, याची लाज वाटली. अभिमान तर इतका वाटला की छापखान्यात जाऊन सांगून आलो (ऐकून घेतलं नाही).

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझा भाचा

ता.क. साहेब गुरुवारी पुन्हा येणार आहेत. एका समाधानी गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय ते सही करणार नाहीत. तू येशीलच. तुझा सोफा मी 'उद्या देतो' म्हणत ठेवला होता, तो तिने दोन दिवसांत पुरा केला, तेव्हा खोटं बोलावं लागणार नाही. फक्त तीन वर्षं लागली, हे विचारल्याशिवाय सांगू नकोस.

आणखी एक. अर्जाची प्रत आज नीट वाचली. मालकाच्या रकान्यात तिचं नाव आहे, कामगाराच्या रकान्यात माझं. माझ्या अनुभवापुढे तिने लिहिलंय, 'शिकतो आहे'.