अक्का, तुमच्या काळीला आवरा

अक्कास,

आज काळीनं तिसऱ्या नव्या कोंबडीलाही टोचलं. डोक्यावरची कातडी सोलून काढली. हळद भरता भरता माझी बोटं पिवळी झाली, आणि ती तुमची लाडकी कोंबडी उखळावर उभी राहून एका डोळ्यानं माझ्याकडं बघत हुती, अगदी तुमच्यासारखी! मेलेल्या माणसाला कागद लिहिते म्हणून घरात हसतील. हसू द्या. कोंबडी तुमची, हट्ट तुमचा, मग जाब दुसऱ्या कुणाला विचारू? मिशनच्या शाळेत दोनच बुकं शिकले, तेवढ्यात जमेल तसं वाचून घ्या.

पावसाळ्यात तुमी गेलात. पाठोपाठ कोंबड्यांत मानमोडी आली. बारातल्या पाच उरल्या, त्याही म्हाताऱ्या, आठवड्याला एक अंडं दिलं तर उपकार. आणि नाताळाच्या तोंडावर तुमची सुशीला बाळंतपणाला येतीय. पहिलटकरीण, त्यात अंगात रगत न्हाई. लढाईपायी तूप तर दिसायचंच बंद झालंय. पोरीला काय नुसती ज्वारीची पेज पाजू? म्हणून मिरजगावच्या माझ्या भावाकडून चार तलंगा आणल्या, महिन्याभरात अंड्यावर येतील अशा.

तुमचा कायदा ठाऊक हाय मला. बाहेरचं पाखरू खुराड्यात न्हाई. का, तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी बाजारातून सहा पिलं आणून सरळ तुमच्या कोंबड्यांत सोडली आणि दुपारपर्यंत दोन उरली. पंचवीस वरसं ऐकवलंत. कसं सोडायचं ते आधी सांगितलं असतंत, तर मेली असती का? शिकवायचं न्हाई, आणि चुकलं की जन्मभर बोलायचं. काळी कुणाच्या वळणावर गेली, सांगू?

या खेपेला सगळं रीतीनं केलं. तलंगांना जात्याभोवती तीन फेरे दिले, त्यांनी घर धरून राहावं म्हणून. पाद्रीसाहेबांना कळलं तर बोलतील, बोलू द्यात. आठ दिवस अंगणात डाल्याखाली ठेवल्या, जुन्यांनी बघून घ्यावं म्हणून. मग नव्या-जुन्या सगळ्यांना चुलीची राख चोळली, वास एक व्हावा म्हणून. चार म्हाताऱ्या निवल्या. काळी न्हाई.

भाऊजींना म्हटलं, हिला कापू द्या. तर म्हणाले, "तिनं पदरात धरून वाढवलीय ती. मी हाय तवर सुरी लागायची न्हाई." तुमचे मालक, घरात थोरले. मी सुरी परत ठेवून दिली.

मग जे केलं ते तुमाला आवडायचं न्हाई. पेटीतलं तुमचं हिरवं लुगडं नेसले, डोईवर पदर घेतला आणि तुमच्यासारखी उकिडवी बसून दाणे टाकले. काळी आली, अक्का! तलंगांच्या शेजारी मुकाट टिपायला लागली. तेवढ्यात भाऊजी शेतातून आले. माझी पाठ त्यांच्याकडं. म्हणाले, "दमली असशील, ऊठ की आता." इतक्या मऊ आवाजात. मी वळले. ते तसेच माघारी गेले, दोन दिवस भाकरीला शिवले न्हाईत.

त्यांची मी गुन्हेगार हाय, अक्का. तुमची न्हाई. तुमी असताना इतकं मऊ बोललेले मी तरी ऐकलं न्हाई. तुमी ऐकलं हुतंत का कधी?

लुगडं धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलं. पुन्हा तुमचं सोंग घेणार न्हाई. मी माझ्याच लुगड्यात दाणे टाकीन, आणि खायचं तर माझ्या हातचं खातील. हे अंगण आता मी झाडते.

सुशीलाचा घोर नको. सव्वा महिना तिचा पाय भुईला लागू देणार न्हाई, डोईला तेल मीच चोळीन. लेकराचं करताना चुकली तर आधी शिकवीन. बोलणार न्हाई. हा माझा शब्द.

पण काळीचं तुमी ठरवा. नाताळाआधीच्या रविवारपर्यंत भाऊजींच्या सपनात या. एकतर कोंबडीला समज द्या, न्हाईतर त्यांना सांगा की सुरी लागू दे. रविवारी उपासनेहून आले की त्यांचं तोंड बघून मला कळेल. उत्तर न्हाई आलं तर सोमवारी रस्सा शिजणार, भाऊजी काय म्हणायचं ते म्हणोत. पहिली वाटी तुमच्या लेकीला.

तुमची धाकटी जाऊ,
सगुणा