पायाशी लावलेले दिवे

अण्णा, मागच्या रविवारी माझ्या गाडीत दिवे बसवले. पुढचे नव्हेत, आतले. एलईडीच्या बारीक पट्ट्या मिळतात, फितीसारख्या, मागून गोंद लावलेल्या. डॅशबोर्डच्या खाली, दारांच्या खिशांत, सीटच्या कडेला त्या अशा दडवतात की दिवा दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, करंट कुठून घेतला? मीही तो विचारलाच. पण त्याआधीपासून माझ्या मनात दुसरा प्रश्न होता, आणि तो दिवे बसवणाऱ्याला नव्हे, माझ्या मुलाला विचारायचा होता.

मुलगा के. आर. पुरमच्या बाजूला राहतो, रविवारी येतो. माझ्या गाडीत त्याने आजवर कधी हवासुद्धा भरून आणली नाही. आणि एकाएकी म्हणतो, "आई, गाडीत आतून लाइट लावू या, छान दिसेल." छान दिसण्याची मला कधी गरज पडलेली नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्यात बाल्कनीत तो फोनवर बोलत होता ते माझ्या कानावर आलं: "आधी लाइट लावून बघतो. नाहीच जमलं तर मग आईकडे गाडीचा विषय काढतो." बोम्मसंद्राच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. जास्त चकचकीत माल आला की मी तो आधी उलटा करून बघायची. गाडी माणसं सजवतात ती विकण्याआधी. मी मनाशी नक्की केलं, याला माझी गाडी विकायची आहे. गाडी गेली की भाजी, बँक, अक्काचं घर, सगळं दुसऱ्याच्या सवडीने. तसं जगणं मला जमणार नाही. म्हणून मी विरोध केला नाही. बरोबर गेले आणि बघत राहिले.

दुकान राजाजीनगरातच आहे, तुमचं वायरिंगचं दुकान होतं तिथून दोन गल्ल्या पुढे. तुमच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी पर्समध्ये तुमचा टेस्ट लॅम्प घेऊन गेले होते. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी आईने पेढे वाटले आणि तुम्ही जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीत बल्ब बसवून केलेला तो दिवा माझ्या हातात दिलात. म्हणालात, "कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस. लावून बघ." तो बाहेर काढल्यावर दुकानदार हसायलाच लागला. आमचं बोलणं कन्नडात चाललं होतं.

"अय्यो अम्मा, हे नको. नव्या गाडीला हे लावलं तर आतला कॉम्प्युटर जाईल. माझ्याकडे मीटर आहे."

"मग मीटर लावून दाखव."

"सरी अम्मा."

"आई, तो चोर नाहीये," मुलगा मराठीत पुटपुटला.

"मी कुठे म्हटलं? चोर नाही हेही तपासावं लागतं."

दुकानदाराने सगळं दाखवलं. करंट फ्यूजच्या पेटीतून घेतलेला, या दिव्यांना वेगळा छोटा फ्यूज, गाडी लॉक झाली की दिवे बंद. एकही वायर कापून जोडलेली नाही. मला खोट काढता येईना आणि त्याचाच राग यायला लागला. मग तो स्टिअरिंगच्या खाली पाठीवर आडवा झाला आणि आतून म्हणाला, "अम्मा, वर दोन वायरी लोंबतायत ना, त्यातली निळी स्वल्प खाली सोडा." मी वाकून सोडली.

"ही काळी आहे, अम्मा."

"तुझ्या दुकानात उजेड कुठे आहे?" मी म्हटलं आणि दुसरी दिली. शटर पूर्ण वर होतं. दुपारचं ऊन गाडीच्या टपावर आलेलं होतं. मुलगा मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत होता. मोबाइलचा पडदा बंद होता.

परतताना गाडी मीच चालवली. अंधारून येत होतं. पायाशी पांढरा उजेड पडला होता, नुसता पांढरा. त्या दुकानात जांभळ्या-गुलाबी रंगांचा बाजार मांडलेला असताना याने पांढराच का घेतला, हाही संशय होताच. सिग्नलला मी विचारून टाकलं.

"गाडी विकायचीय ना तुला?"

"काय?"

"फोनवर बोलत होतास. ऐकलंय मी."

"आई, विकायची असती तर सीट कव्हरं बदलली असती. पायाशी लावलेले दिवे कोण गिऱ्हाईक बघतं?"

"मग कशाला लावलेस?"

"दसऱ्याला अक्कामावशीकडून येताना तू ब्रेक पायाने चाचपडत शोधत होतीस. मला वाटलं, आत अंधार आहे म्हणून असेल. तसं असेल तर दिव्याने भागेल."

"आणि नाही भागलं तर?"

"तर विषय काढणार होतो. समोर बघ आई, सुटला सिग्नल."

समोर बघितलं. पायाशी सगळं लख्ख दिसत होतं, ब्रेकवरच्या रबराच्या रेघासुद्धा. आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती पिंजलेल्या कापसासारखी झालर होती. ती किती दिवसांपासून आहे हे मला माहीत होतं. घरापर्यंत मी डोळ्यांनी कमी आणि रस्ता पाठ आहे म्हणून जास्त चालवलं.

तेव्हापासून, अण्णा, माझा संशय मुलावरून उठला आणि तुमच्यावर येऊन बसला. आठवतं, मी कॉलेजमधून येते. तुमच्या दुकानातल्या स्टुलावर वह्या ठेवते. तुम्ही पंपाच्या एका मोटारीच्या उघड्या पोटात हात घालून उभे आहात, दोन वायरी माझ्यापुढे धरता आणि विचारता, "निळी की काळी? सांग." मी सांगते. एकदा कंटाळून मी न बघताच म्हटलं, "निळी असावी." तुम्ही दुकानात गिऱ्हाईक असताना ओरडलात, "असावी? असावी म्हणजे काय? नीट बघून सांग!" तो ओरडा मी जन्मभर पुरवला. कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी 'असावं' म्हटलं की मी त्याला माल पुन्हा मोजायला लावायची. मला वाटायचं, तुम्ही मला घडवताय. माझा सगळा तोरा त्या स्टुलावरून आलेला आहे.

पण मी येईपर्यंत तुम्ही त्या दोन वायरी का जोडत नव्हता? उन्हं कलली की बारीक वायरिंगचं काम का बाजूला ठेवायचात? आणि आई? स्वयंपाकघरात तुमचं ताट वाढताना ती एकेक नाव घ्यायची, "ही चटणी, हे लोणचं, हे सारू, इकडे उजवीकडे मीठ." मी म्हणायची, "अण्णांना दिसत नाही का? उगाच बडबड." ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा म्हणायची, "हे मीठ." तुम्हा दोघांचं ठरलेलं होतं. मला आता जवळजवळ खात्री आहे. तुम्ही माझी परीक्षा घेत नव्हता, अण्णा. तुम्ही माझ्या डोळ्यांनी बघत होता, आणि मला ते कळू नये म्हणून ओरडत होता. की मी हेही माझ्या सोयीने जुळवतेय? विचारायला आई नाही. लावून बघ म्हणालात, पण आता तुम्हाला कुठे लावून बघू?

आज रविवार. मुलगा आला होता. मी शिवणाच्या डब्यातून दोऱ्याची दोन रिळं काढली, त्याच्यापुढे धरली आणि कारखान्यातल्या आवाजात म्हटलं, "यातला निळा दोरा कुठला? सांग बघू." तुमचाच आवाज होता तो, मला ऐकू आला.

"उजव्या हातातला."

"नक्की?"

"नक्की."

"बरोबर," मी म्हटलं आणि रिळं डब्यात टाकायला वळले.

मी तुमच्यापुढे एवढ्यावरच समाधानाने वही उघडायची. हा तसा निघाला नाही. म्हणाला, "आणि तुला कुठला वाटला होता?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी गाडीची किल्ली खुंटीवरून काढली, टेबलावर त्याच्या बाजूला ठेवली, आणि त्याला सांगितलं की मला दोन्ही दोरे काळेच दिसले.