हिम म्हणजे मीच

८ जानेवारी १९६१, रविवार. पोलाद कारखान्याची वसाहत, सेक्टर २.

आजपासून इंग्रजी. काल कोक ओव्हनवर, म्हणजे आमच्या कोळशाच्या भट्टीवर, फोरमनसाहेब टाइम ऑफिसच्या मोठ्या बाबूले सांगून राहिले होते की हजेरीच्या कामाले केवलरामच पाहिजे. आय वाँट हिम! केवलराम म्हणजे मीच, मागंच होतो, हातात फावडं. साहेबानं माझ्याकडं पाहिलंबी नाही. मोठी माणसं तोंडावर स्तुती करत नाहीत.

टाइम ऑफिस म्हणजे खुर्ची अन् डोक्यावर पंखा. भट्टीची आच कायमची सुटली. आमगावले सासऱ्याले कार्ड टाकलं, जावई बाबू झाले. 'होणार' लिहायचं होतं, जागा पुरली नाही.

९ जानेवारी.

दुर्गच्या रेल्वे पार्सल ऑफिसातले कृष्णराव माझे गुरू. त्यांनी समजावलं. करतो तो सब्जेक्ट: आय, ही, शी. ज्याच्यावर होते तो ऑब्जेक्ट: मी, हिम, हर. म्हणजे इंग्रजाचा 'मी' आपला 'मले', अन् आपला 'मी' त्याचा 'आय'. मुद्दाम केलं लेकाच्यांनी. तरी हरकत नाही. आठ दिवसांत सगळं पाठ. रोज पहाटे दहा वाक्यं.

१० जानेवारी.

पहाटे थंडी फार. उद्यापासून.

१६ जानेवारी, रात्रपाळी नाही.

बायकोले शिकवायला घेतलं. 'शी गिव्ह्ज मी वॉटर', मथुरा मले पाणी देते. मथुरा म्हणाली, तुमाले हात नाहीत काय? पुढं म्हणाली की तुमाले 'मी' तेवढा पक्का येते, बाकी सारं कच्चं. बायकांले व्याकरणाची गोडी नसते.

१९ जानेवारी.

आज प्रयोग केला. फोरमनसाहेबांपुढं उभा राहून खणखणीत म्हटलं, मी इज रेडी, सर! साहेब बराच वेळ हसले. खूश झाले. मग म्हणाले की रेडी आहेस तर तो कोळसा हटव. माझी चिकाटी पाहून राहिले असतील.

२४ जानेवारी.

माझ्या जोडीला बोरसीचा एक माणूस आहे. आमच्या गँगमध्ये गावाच्या नावानं हाक मारतात. तो बोरसी, मी आमगाव; माझं घर अन् सासर एकाच गावात. मी ऑब्जेक्ट पाठ करत बसलो की माझं फावडंबी तोच मारते. वरून मले 'सहिनाव, सहिनाव' करते. छत्तीसगढीत साहेबाले तसं म्हणत असतील. विचारलं नाही. भोळ्या माणसालेबी माझं पुढचं दिसून राहिलं, एवढं पुरे. टाइम ऑफिसात गेल्यावर त्याची हजेरी कडक घेणार नाही.

२ फेब्रुवारी.

पांढरा शर्ट शिवून आला. ही अन् हिम अजून अदलाबदल होतात. चूक पुस्तकाची, अक्षर बारीक आहे.

६ फेब्रुवारी, सोमवार.

बोर्डावर नाव लागलं! केवलराम, टाइम ऑफिस! शर्ट घालून गेलो. खुर्चीत बोरसी बसला होता. मी म्हटलं, ऊठ बाप्पा, ही जागा माझी. तो उठला. बिचारा आधी उठला, मग लाजत म्हणाला की सहिनाव, केवलराम मीच. 'सहिनाव' म्हणजे नाव सारखं असलेला. त्यांच्याकडं असे दोघं जिवाचे दोस्त मानतात, अन् एकमेकांचं नाव घेत नाहीत.

मग मले कसं कळावं? दीड वर्ष शेजारी फावडं मारलं, पण त्याचं नाव विचारायचं कामच पडलं नाही. यात माझी चूक काय? मोठा बाबू म्हणाला, सगळ्या गँगची नावं, लेकराबाळांसकट, याले पाठ आहेत. तुले किती येतात? मी म्हटलं, मले व्याकरण येते.

लाज वाटली. लिहून ठेवतो अन् विसरतो.

९ फेब्रुवारी.

सासरे न कळवता आले! स्टेशनावरून सरळ गेटावर गेले अन् विचारलं, टाइम ऑफिसचे केवलरामबाबू कुठं? साऱ्या गेटाले ठाऊक. बोरसी धावत आला. त्यानं सगळं खरं सांगितलं, चहा पाजला, जिलबी खाऊ घातली अन् सायकलच्या कॅरिअरवर बसवून क्वार्टरवर आणून सोडलं. मी भट्टीवर होतो. घरी आलो तर सासरे अन् तो माझ्या बाजेवर बसून हसून राहिले होते, अन् मथुरा त्याले गरम भाकर वाढून राहिली होती. मले म्हणाली, तुमी हात धुऊन या, उरली तर देतो.

१० फेब्रुवारी.

सासरे परत गेले. माझी बाबूगिरी उघडी पडली म्हणून रागावले असतील, असं वाटून राहिलं होतं. गाडीत चढताना म्हणाले की होळीले मथुरेले आमगावले पाठवा, अन् केवलरामले जरूर येऊ द्या. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, मी तर येतोच, मामाजी.

ते म्हणाले, तुमी नाही बाप्पा. तो.